पोरांना पळू द्या, फोटोचं मी बघते

मे महिना लागला की ठाण्यात दर दोन गेटांमागे एक समर कॅम्पचा बॅनर लागतो आणि लगोलग पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो. कॅम्प नऊला सुरू, सव्वानऊला पहिला मेसेज, "फोटो टाका ना प्लीज". अहो, अजून कोणाची बाटली कुठली तेच ठरायचंय तिकडे!

मी पोखरण रोडच्या बाजूला एका कॅम्पला दरवर्षी फोटो काढते, पैसे-बिसे काही नाही, हौस. पोरं फोटोकाकू म्हणतात. तर आज स्पष्टच लिहिते, राग आला तर येऊ दे. फोटोसाठी पोरांचा खेळ थांबवणं बंद करा. लगोरी मस्त रंगात आलेली असते, शेवटची ठिकरी ठेवायची बाकी, समोरचा बॉल उचलतोय, आणि कुठलीतरी ताई ओरडते "ए सगळ्यांनी इकडे बघा, स्माईल!" झालं, गेला खेळ. वीस पोरं दात दाखवून उभी. त्याहून कहर म्हणजे रीलसाठी फुटलेली लगोरी परत रचायची आणि त्याच पोराला सांगायचं आता पुन्हा फोड, पण जरा हळू. हळू कोण फोडतं लगोरी??

मग म्हणतात, पळताना काढला की हलतो. हलणारच. पोरगं सेकंदाला चार मीटर जरी पळालं ना, तरी १/६० शटरला, म्हणजे कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा साठावा भाग उघडी राहते, तेवढ्यात ते साडेसहा सेंटीमीटर पुढे गेलेलं असतं. तेच १/१००० ला फक्त चार मिलिमीटर. म्हणजे सेटिंग बदलायचं, पोराला स्टॅच्यू नाही करायचं. मोबाईलवाल्यांनी प्रो मोड उघडा, तिथे शटर हाताने बदलता येतं, नाहीतर बर्स्ट लावा, म्हणजे एका दमात धडाधड फोटो निघतात, आणि नंतर बसून ढिगाने डिलीट करा, मी पण तेच करते. फक्त हॉलमध्ये डान्सच्या वेळी हे चालत नाही, ट्यूबलाईट सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते, डोळ्याला कळत नाही पण फास्ट शटरला फोटोत काळे पट्टे येतात. तिथे १/१०० वर या आणि पोरगं उडी मारून अगदी वर पोचतं ना, तो क्षण धरा, तिथे ते जवळजवळ थांबलेलं असतं.

आणि पोरांच्या मागे धावू नका हो, आपल्याच्याने होत नाही ते, पन्नाशीत तर नाहीच नाही. खो-खोत धरणाऱ्याला खांबाला वळसा घातल्याशिवाय उलटं फिरता येत नाही. मग खांबावर फोकस लावा, गुडघे टेकून मातीत बसा, तो येतोच. जीभ बाहेर, केस कपाळाला चिकटलेले, एका पायातली चप्पल गायब. ह्या फोटोपुढे तुमचे ते स्माईलवाले सगळे फिके.

ऊन हा वेगळाच ताप. मेच्या मध्याला आपल्याकडे दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावली म्हणतात तो दिवस. त्यात पोरांना टोप्या, म्हणजे डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे. अकरानंतर मी मैदान सोडते आणि शेडमध्ये मातीकामाच्या कोपऱ्यात बसते. तिथली पोरं कॅमेऱ्याकडे ढुंकून बघत नाहीत, बोलकी पोरं दर फोटोत घुसतात आणि ही तास तास हत्तीची सोंड जोडत बसलेली असतात. यांचे फोटो मुद्दाम जाऊन काढावे लागतात. एका आईची तक्रार आली की आमच्या लेकाचे सगळे फोटो पाठमोरे. अहो ताई, तो सगळ्यांच्या पुढे होता!

काही फोटो मी काढतच नाही. रडणारं पोर, आपटलेलं पोर, रेन डान्समध्ये कपडे बदलणारी पोरं. पाणी सुरू झालं की कॅमेरा बॅगेत. आणि कॅम्पवाल्यांनो, पुढच्या वर्षीच्या जाहिरातीसाठी पोरांचे चेहरे नाव-शाळेसकट इन्स्टावर टाकताना आईबापांना विचारा. २०२३ चा डिजिटल डेटावाला कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो. फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ टाकली म्हणजे विचारलं असं मी तरी मानत नाही. आणि दहा वर्षांच्या पोरीला पण विचारा की गं, तिला नको असेल तर नको.

ग्रुप फोटो पाहिजे ना? काढू. शेवटच्या दिवशी, खेळ सुरू व्हायच्या आधी, शेडच्या सावलीत, दोन मिनिटांत. बॅनर धरायला पोरं मिळणार नाहीत, पालकांनी यायचं.