अठराशेच्या साडीत कापूस किती रुपयांचा?

मागच्याच्या मागच्या दिवाळीला मोठ्या आईसाठी साडी नेली होती. नागपुरात एका प्रदर्शनात घेतली, १,८०० रुपयांची. जाड खाकी कागदाचा टॅग, त्यावर हिरवं पान आणि खाली लिहिलेलं : शंभर टक्के ऑरगॅनिक कॉटन. मोठी आई सत्तरीची आहे. लग्न होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात आली तेव्हापासून दर हिवाळ्यात कापूस वेचते. तिने साडी मांडीवर घेतली, पदरावरून दोन-तीनदा हात फिरवला आणि एक दशी ओढून काढली. ती तिने देवाजवळच्या दिव्यावर धरली.

सुती धागा कागदासारखा जळतो. वासही कागदाचाच येतो आणि मागे राहणारी राख बोटांनी चोळली की पीठ होते. या दशीने आधी अंग चोरलं, मग टोकाला वितळून एक काळा थेंब लोंबला आणि गार झाल्यावर त्याचा टणक मणी झाला. मोठ्या आईने तो मणी नखाने दाबून पाहिला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हे तं प्लास्टिक हाये व बाई. कितीले देल्ली त्यानं?"

मला किंमत सांगता आली नाही. मी अकरा वर्षं शिवणकामात आहे. माझ्याकडे सहा जणी काम करतात, आम्ही ठाणाने कापड घेतो, कुर्ते-परकर शिवतो. कापड ओळखणं हा माझा धंदा आहे आणि मी टॅग वाचून पैसे मोजले होते.

परत आल्यावर विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ताई, थोडं ब्लेंड आहे, पण त्यातलं पॉलिस्टर रिसायकल केलेलं आहे, म्हणजे पर्यावरणाला चांगलंच. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, त्यालाही वर कुणीतरी तसंच सांगितलं असणार. पण हेच वाक्य मी आता सगळीकडे ऐकते, म्हणून त्याबद्दल आधी सांगते.

पॉलिस्टर खनिज तेलापासून बनतं. आज जगात कपड्यांसाठी आणि इतर कामांसाठी जेवढे धागे तयार होतात, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या पॉलिस्टरचे आहेत. कापूस एक पंचमांशाच्या आसपास उरलाय. 'रिसायकल पॉलिस्टर' म्हटलं की जुने कपडे वितळवून नवे केले असं वाटतं. प्रत्यक्षात ते जवळजवळ सगळं पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांपासून येतं. बाटलीची पुन्हा बाटली करता येते, पुन्हा-पुन्हा करता येते. तिचा एकदा टी-शर्ट झाला की तो रस्ता जवळपास तिथेच संपतो, कारण जुन्या कपड्यापासून पुन्हा कपड्याचा धागा बनण्याचं प्रमाण जगात एक टक्काही नाही. आणि सुतात पॉलिस्टर मिसळलं असेल तर ते दोन्ही वेगळे करणं आणखीच कठीण. शिवाय प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू सुटतात आणि मोरीवाटे नदीत जातात. ते कुजत नाहीत.

म्हणून माझा पहिला आग्रह साधा आहे. ब्लेंड असेल तर ब्लेंड लिहा, टक्के लिहा. घेणाऱ्याला ठरवू द्या.

पण फक्त 'पॉलिस्टर वाईट, सुती चांगलं' एवढंच म्हणून मी थांबले असते तर ही पोस्ट लिहिलीच नसती. कारण मी कापसाच्या गावची आहे. सुती कपडा आपोआप जबाबदार होतो हे मी कुणाला सांगू शकत नाही.

२०१७ चा पावसाळा आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, माणसाच्या डोक्यावर गेली होती, अळी आवरत नव्हती, फवारे वाढत गेले. डोक्याच्या वर नळी धरून फवारायचं म्हणजे औषध अंगावरच पडतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दवाखान्यात भरती झाले आणि वीसच्या आसपास माणसं एकट्या यवतमाळ जिल्ह्यात गेली. माझ्या चुलतभावाला आठवडाभर नीट दिसत नव्हतं. तो वाचला. त्याच वर्षी बोंडअळीने बोंडंही पोखरली. त्या कापसातलं बी काढून रुई झाली, सूत झालं, कापड झालं, आणि कुठल्या तरी दुकानात त्यावर 'प्युअर कॉटन' लिहिलं गेलं. ते खोटंही नव्हतं.

मग जबाबदार कापूस कोणता? मला वाटतं याचं उत्तर आपल्या शेतात होतं आणि गिरणीने ते काढून टाकलं.

कापसाच्या चार जाती जगात पिकवल्या जातात. त्यातल्या दोन आपल्या इकडच्या, ज्यांना आपण देशी कापूस म्हणतो. स्वातंत्र्याच्या वेळेपर्यंत भारतातला बहुतेक कापूस देशीच होता. एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' हे नाव लिव्हरपूलच्या कापूस बाजारात चालायचं. आमच्या अमरावतीच्या नावाचा अपभ्रंश करून तिथले व्यापारी वऱ्हाडच्या कापसाला 'ऊमरा' म्हणायचे. देशी झाडाचं मूळ खोल जातं, पाऊस महिनाभर दडून बसला तरी ते तग धरतं. तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांना ते बऱ्यापैकी पुरून उरतं, म्हणून फवारे कमी लागतात. सरकी, म्हणजे कापसातलं बी, ठेवली की पुढच्या वर्षीची सोय घरातच.

दोष एकच सांगितला गेला : तंतू आखूड. मँचेस्टरच्या यंत्रांना लांब तंतू लागायचा. म्हणून १८४० च्या दशकात कंपनी सरकारने अमेरिकन मळेवाले आणून इथे अमेरिकन बी लावून पाहिलं. ते धारवाडकडे थोडंफार जमलं, बाकी ठिकाणी फसलं. तरी ओढ कायम राहिली. यंत्राला जे बी सोयीचं ते शेतात, हा नियम तेव्हा घातला गेला आणि तो आजही चालू आहे. ढाक्याची मलमल मात्र देशी कापसाचीच होती, हे लक्षात घ्या. हाताला आखूड तंतू चालत होता. तो यंत्राला चालत नव्हता.

२००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली आणि काही वर्षांत देशी जवळपास दिसेनासा झाला. मी बीटीला शिव्या घालणार नाही. सुरुवातीची काही वर्षं आमच्याही घरात चार पैसे आले, माझं शिक्षण त्यातच झालं. पण आपल्याकडे बीटी आलं ते संकरित वाणात. म्हणजे बी दरवर्षी विकत. आज पावणेपाचशे ग्रॅमच्या पाकिटाला नऊशे रुपयांच्या घरात पैसे पडतात. वर संकरित झाड शेतात जास्त दिवस उभं राहतं, कापूस निघाल्यावर फरदड घेण्याचा, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा पीक घेण्याचा, मोह होतो आणि गुलाबी बोंडअळीला वर्षभर घर मिळतं. आता ती अळी या बीटीला जुमानत नाही.

अकोल्याच्या आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांनी देशी कापसाचे सुधारित वाण काढलेत, परभणीचे काही तर तंतूच्या लांबीत अमेरिकन कापसाच्या जवळ जातात. वाण आहेत. विकत घेणारं कुणी नाही. गावातला व्यापारी देशी कापूस पाहिला की भाव पाडतो, जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढतात तिथे, तो वेगळा ठेवत नाहीत. बोंड लहान असल्यामुळे वेचायला वेळ लागतो आणि वेचणाऱ्या बायांना मजुरी किलोवर असते. मग कोण लावेल?

आणि इथे फॅशनवाल्यांचं काम सुरू होतं, असं मी अगदी मनापासून म्हणते. आपण रोज घालतो त्यातल्या कितीतरी कपड्यांना बारीक सूत लागतच नाही. जीन्सचं कापड जाड सुताचं असतं. टॉवेल, चादरी, जॅकेट, पिशव्या, जाड कुर्ते, परकर... हे सगळं आखूड तंतूच्या कापसात होतं. डिझाइन करणाऱ्याने कागदावर पहिली रेघ मारण्याआधी "माझ्या भागात कोणता कापूस पिकतो?" एवढं विचारलं तरी पुष्कळ बदलेल. आज उलटं आहे. आधी कापडाचा तलमपणा ठरतो, मग सूत, मग रुई, आणि शेवटी शेतकऱ्याला सांगतात की तुझा कापूस बसत नाही.

पाण्याचंही एक बोलते. एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं हा आकडा तुम्ही वाचला असेल. तो सरासरीचा आहे. उझबेकिस्तानात कापसासाठी नद्या वळवल्या आणि अरल समुद्र आटला, ते खरंच आहे. पण विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू आहे, आभाळातून पडेल त्यावर येतो. आमच्या कापसाला आणि कालव्याच्या कापसाला एकाच मापाने मोजून 'कापूस पाणी पितो' म्हणत पॉलिस्टरचा पुरस्कार करणं मला पटत नाही.

आता पैशाचं. शिवणाऱ्या बाईला हिशेब येतो, म्हणून करून दाखवते. एका अर्धा किलोच्या सुती साडीला, जिनिंगची आणि सूतकताईची घट धरून, साधारण पावणेदोन किलो कापूस लागतो. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. म्हणजे साडीतला कापूस झाला सुमारे १३५ रुपयांचा. तोही हमीभाव मिळाला तर. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकलं. ऐन वेचणीच्या तोंडावर. खेड्यावर येणारा व्यापारी हमीभावाच्या कितीतरी खाली मागत होता. सरकारी खरेदी केंद्रावर न्यावा तर १२ टक्क्यांच्या वर ओल असली की माल परत, आणि त्या हंगामात पाऊस दिवाळीपर्यंत पाठ सोडत नव्हता.

शेतकऱ्याला हमीभावाच्या दीडपट दिले तरी त्या साडीची किंमत सत्तर रुपयांनी वाढते. अठराशेवर सत्तर! हिरवं पान छापलेल्या टॅगसाठी आपण यापेक्षा जास्त मोजतो.

मला कुणी म्हणेल, ऑरगॅनिकची प्रमाणपत्रं आहेत ना. आहेत, आणि त्यामागे मनापासून काम करणारे शेतकरी गटही आहेत. पण २०२० मध्ये भारतातल्या सेंद्रिय कापसात मोठी फसवणूक उघड झाली. सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून विकला गेल्याचं प्रमाणपत्राचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेनेच सांगितलं. कागद बनवणारे पैसे घेऊन गेले, आणि रासायनिक खतं सोडून दोन-तीन वर्षं कमी उतारा सोसलेल्या शेतकऱ्यावर संशय आला. मला टॅगवर पान नको. गावाचं नाव हवं, वाणाचं नाव हवं आणि शेतकऱ्याला काय भाव दिला तो आकडा हवा. दुधाच्या पिशवीवर फॅट लिहिता येतं, तर साडीवर हे लिहायला काय अडचण आहे?

आमच्यापुरता एक प्रयत्न केला. मोठ्या आईने बांधाकडच्या दहा गुंठ्यांत देशी कापूस लावला. बी शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने गाडग्यात जपून ठेवलं होतं. एकही फवारा मारला नाही. ऐंशी किलो कापूस निघाला. वेचणीला आम्ही किलोचे नेहमीच्या दीडपट पैसे दिले आणि बायांना प्लास्टिकच्या पोत्यांऐवजी सुती पिशव्या शिवून दिल्या, कारण खताच्या पोत्याचे धागे रुईत अडकले की कापडात पांढऱ्या रेघा येतात. एवढासा माल कुठलंही जिनिंग वेगळा घेईना. शेवटी वर्ध्याकडच्या एका खादी केंद्रात छोट्या यंत्रावर सरकी काढून मिळाली. अठ्ठावीस किलो रुई निघाली. कताई-विणाई होऊन हातात आलं ऐंशी मीटरच्या आसपास जाड कापड, मधेमधे गाठी असलेलं, दुधावरच्या सायीच्या रंगाचं. त्याला आम्ही रंग दिला नाही.

मी पहिलं ठाण घेऊन गावी गेले. मोठ्या आईने कापड उलगडून पाहिलं, हाताने दाबलं, "जाड हाये, बरं हाये" म्हणाली आणि बाजूला ठेवलं. मग गाडीच्या डिकीकडे पाहत विचारलं, "सरकी आणली का माही?"

आणली होती, दोन पिशव्या. तिने मूठभर तळहातावर घेऊन फुटकी-किडकी वेगळी केली, बाकीची सुपात ओतली आणि कडुनिंबाचा पाला आणायला मला परसात पाठवलं. या वर्षी अर्धा एकर लावायचा आहे.