तुमच्या खाते मध्ये स्वागत आहे

आमच्या ॲपचं मराठी भाषांतर यंत्र करतं आणि यंत्राची ग्लॉसरी मी सांभाळतो. ग्लॉसरी म्हणजे दोन रकान्यांचा तक्ता. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आम्ही ठरवलेला मराठी. यंत्राने तोच वापरायचा. काम ऐकायला इतकं सोपं की कुणालाच नको होतं, म्हणून माझ्याकडे आलं.

यंत्र आज्ञाधारक आहे, ही खरी पंचाईत. ‘अकाउंट’समोर ‘खाते’ लिहून दिलं की ते मरेस्तोवर ‘खाते’च म्हणणार. ‘तुमच्या खाते मध्ये लॉग इन करा.’ ‘खाते ला ईमेल जोडा.’ ‘खाते ची भाषा बदला.’ ग्लॉसरी नव्हती तेव्हा हेच यंत्र मुकाट्याने ‘खात्यात’ लिहीत होतं.

मीटिंगमध्ये मी सामान्यरूप समजावून सांगितलं. सगळ्यांनी सहानुभूतीने ऐकलं. मग एका डेव्हलपरने विचारलं, “विभक्ती सेटिंगमधून बंद नाही का करता येत?” त्याचंही बरोबरच होतं म्हणा. अरबीत संख्येप्रमाणे सहा प्रकार धरावे लागतात, ते अँड्रॉइड विनातक्रार सांभाळतं. मग मराठीचेच एवढे लाड कशाला? दुसऱ्याने सुचवलं, सगळीच रूपं भरून टाका. खात्यात, खात्याला, खात्याने, खात्याचा-ची-चे. उजवा रकाना भरत गेला. डावीकडे मात्र प्रत्येक ओळीत तोच एकटा ‘अकाउंट’. आता कुठलं रूप कुठे घ्यायचं हे यंत्राने विचारायचं कुणाला? शेवटी जादा रूपं काढून पुन्हा एकटं ‘खाते’ ठेवलं.

तेवढ्यात मार्केटिंगने ‘मोमेंट्स’ नावाचं फीचर आणलं. हे नाव भाषांतरित करायचं नाही, असा हुकूम. घातलं ग्लॉसरीत. दुसऱ्या दिवशी फोटो अपलोड करताना ॲप म्हणालं, ‘कृपया थांबा, काही मोमेंट्स लागतील.’ मग कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा भेद पाळण्याची खूण लावली. प्रश्न मिटला. पण डिझायनरने एका बटणावर ते नाव संपूर्ण कॅपिटलमध्ये लिहून ठेवलं होतं. ते यंत्राला अनोळखी वाटलं आणि बटणावर ‘क्षण’ उगवले. मार्केटिंगला ते काव्यात्म वाटलं. मार्केटिंगचं मत मी हल्ली विचारत नाही, कारण ‘सदस्यत्व रद्द करा’ हे बटणात न मावून ‘सदस्यत्व र…’ असं दिसायला लागलं, तेव्हा ते दुरुस्त करू नका असं सांगणारे हेच लोक.

तक्ता सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, चुकलं तर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. त्याचं मला आता काही वाटत नाही. निदान ती प्रामाणिक असतात.

खरा छळ तपासनीसाचा. भाषांतर झालं की दुसरं एक सॉफ्टवेअर ते ग्लॉसरीशी ताडून पाहतं. ‘खात्यात’ हा शब्द त्याला ग्लॉसरीत सापडत नाही: लाल खूण. ‘खाते मध्ये’ सापडतो: हिरवी. म्हणजे मी वाक्य नीट केलं की चूक, आणि तसंच सोडलं की शाबासकी. एकदा तर ‘कर्मचाऱ्यांची यादी’ लाल झाली. ग्लॉसरीतही अगदी तेच शब्द. मी अक्षरन् अक्षर डोळे फाडून पाहिलं. शेवटी कळलं, ‘ऱ्या’ दोन रीतींनी टंकता येतो; एका रीतीत झिरो विड्थ जॉइनर नावाचं डोळ्यांना न दिसणारं अक्षर दडलेलं असतं. मला न दिसणाऱ्या फरकावरून मला जाब विचारला जात होता.

आता यंत्राचं नवं मॉडेल आलंय. त्याला साध्या भाषेत सांगता येतं: ग्लॉसरी पाळ, पण शब्द विभक्तीप्रमाणे चालव. आणि ते चक्क चालवतं! ‘खात्यात’, ‘खात्याला’, सगळं जागच्या जागी. मी सुखावून तपासणी लावली, तर पडदाभर लाल. तो अहवाल वर गेला आणि वरून विचारणा आली, नव्या मॉडेलने दर्जा एवढा कसा घसरला? पुढच्या रिलीजच्या आत लाल खुणा शून्यावर आणा.

आणतो. जुनं मॉडेल अजून सर्व्हरवर आहे.