कंपनीत जँगो येतो

आयटी पार्कसमोरच्या ठेल्यावर तर्री पोहे खाता खाता आमच्या सरांनी कंपनीचा विस्तार करून टाकला. "आजपासून आपण जँगोपण करतो." जँगो म्हणजे पायथॉन भाषेत वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा; आमचा आजवरचा सांगाडा रुबी भाषेतला, रुबी ऑन रेल्स. संध्याकाळपर्यंत वेबसाइटवर या रेल्सच्या शेजारी एक हिरवा चौकोन आला आणि त्याखाली 'जँगो टीम' म्हणून माझा एकट्याचा फोटो. पोह्यांचे पैसेही मीच दिले होते.

जँगो तसं नवं नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, बातम्यांच्या डेडलाइन सांभाळत ते घडलं आणि 2005 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. सर म्हणाले, "हे क्लायंटला नको सांगू बे, त्याला वाटेल आपण ऑर्केस्ट्रा चालवून राहिलो."

माझा खरा छळ मांडला तो पायथॉननं. रुबीत डावीकडची जागा कशीही सोडा, 'एंड' दिसलं की ती समाधानी. इथे महिरपी कंस नाही, एंड नाही; कोणती ओळ कोणाच्या पोटात हे नुसत्या मोकळ्या जागेवरून ठरतं. बोटं सवयीनं एंड लिहायची आणि पायथॉन विचारायचं, हे एंड कोण?

पहिला क्लायंट नागपूरच्या कळमना मार्केटमधले संत्र्यांचे अडते. जँगोत मॉडेल, म्हणजे कोणती माहिती साठवायची त्याचा आराखडा, लिहून नोंदवलं, की माल भरायचे, बदलायचे, खोडायचे पडदे असलेलं अ‍ॅडमिन आयतं मिळतं. रेल्समध्ये त्यासाठी बाहेरून जेम, म्हणजे तयार रुबी कोडचा गठ्ठा, आणून बसवावा लागतो. सरांनी ते पाहिलं मात्र! "झालं ना बे काम! मग दोन महिन्यांचं कोटेशन काहून देऊन राहिला?" लगेच लॅपटॉप उचलून कळमन्याला.

अडत्यांनी मान डोलावली. पण त्यांचे दिवाणजी निवृत्त इंग्रजीचे मास्तर. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पडद्यावर बोट टेकवलं. 'कॅटेगरी'चं अनेकवचन करताना शेवटचा वाय तसाच ठेवून पुढे एस चिकटवला होता. "हे कोणत्या शाळेत शिकवतात?"

रेल्सला पर्सनचं पीपल होतं हेसुद्धा ठाऊक असतं. जँगो सरसकट एस लावून मोकळं होतं. खरं अनेकवचन आपणच एका ओळीत लिहून द्यायचं. हे समजावेपर्यंत दिवाणजी डिलिव्हरी आणि इन्क्वायरीवर पोचले होते. सर माझ्याकडे असे बघत होते, जणू इंग्रजी भाषा मीच बनवली.

ऑर्डर मिळाली. अट दिवाणजींची: प्रत्येक पडद्याचा प्रिंटआउट आधी त्यांच्याकडे. सकाळी कागद कळमन्याला जातात, दुपारी लाल शाईत न्हाऊन परत येतात. परवा चुकून कोडचाच कागद गेला. त्यावर एकच शेरा होता: "डावीकडे समास नीट सोडा."