‘पाव’वरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

खायचा ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, असं मी लेखात लिहिलं होतं. त्याखाली ‘एक वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया वाचकांनी पाहिली असेलच. ‘पाव म्हणजे चतकोर. लादीचा तुकडा, म्हणून पाव. उगाच पोर्तुगीज काढू नका, आधी जरा अभ्यास करा.’

यातला ‘जरा’ मला लागला. मतभेद असू देत, पण पोराला छडी दाखवावी तसं कशाला? आपलं वय मला ठाऊक नाही, नाव तर आपण लिहिलंच नाही.

तुम्ही दाखवलेली एक चूक कबूल. गोव्यातल्या पाववाल्याला मी ‘पादेर’ म्हटलं, ‘पोदेर’ हवं होतं. आभार.

पण हा पोदेरच तुमच्या मुळावर येतो. पोर्तुगीजातला ‘पादेइरु’ म्हणजे पाव भाजणारा, त्याचा झाला पोदेर. पाववाल्याचं नाव लिस्बनचं आणि त्याच्या टोपलीतला पाव तेवढा संस्कृत ‘पाद’मधून आला? चतकोराचा पाव ‘पाद’चाच, हे मीच लिहिलंय, पावशेर, पावली, पाऊण सगळे त्या घरातले. खायचा पाव लॅटिन ‘पानिस’च्या वंशातला, पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला. पोर्तुगीज तो नाकातून म्हणतात (नाकातला सूर सुटला की अर्थ होतो लाकूड). गोव्याच्याच भाषापंडित दाल्गादोंनी १९१३ साली आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश काढला, त्यात तो आहे. जपानीत तो ‘पान’ झाला. जपान्यांना पावशेर कोणी शिकवला होता? आणि देव पावतो तो पाव तिसराच, ‘प्राप्’चा. पावतीही तिथलीच.

आमचं कोकणात वाण्याचं दुकान होतं. किलो-ग्रॅम येऊन वीस वर्षं झाली तरी गिऱ्हाईक ‘पावशेर साखर आणि लादीपाव’ असंच मागायचं. साखर मी तोलायचो, पाव मोजायचो. लादी सहाची. सहातला एक म्हणजे चतकोर, असा हिशेब मी केला असता तर बाबांनी गल्ल्यावरून कान धरून उठवलं असतं. अभ्यास म्हणाल तर तो तिथे झालाय, तुमच्यासारखा मोबाइलवर आलेल्या मेसेजांतून नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतलं ताडी, खमीर, मोगलांची रोटी वगैरे बाकीचं विषयाला सोडून आहे.

पुढच्या वेळी नाव घालून लिहा. ‘जरा’ गाळलात तरी चालेल.