उघड्या बादलीतून अमोनिया उडून जात नाही

नळाचे पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवले की क्लोरीनबरोबर अमोनियाही उडून जातो, उरलाच तर हायपोचे, म्हणजे क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे, चार थेंब पुरतात, क्लोरॅमाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग) ही मोठ्या शहरांतली भानगड आहे, आणि तरीही अमोनियाच्या टेस्ट किटमध्ये हिरवा रंग आला तर टाकीतले सगळे पाणी बदलावे, असे सांगणारा एक संदेश पावसाळ्यात कोकणातल्या मासे पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर हमखास येतो. त्यातला क्लोरीनपुरता भाग खरा आहे, आणि त्याच्याच आधाराने बाकीचेही खपून जाते.

क्लोरीन उघड्या पाण्यातून हळूहळू निघून जातो, एअर पंप लावल्यास लवकर जातो. अमोनियाचे तसे नाही. ३० अंश तापमानाच्या आणि ७ पीएचच्या पाण्यात एकूण अमोनियाचा एक टक्कासुद्धा वायुरूपात नसतो. उरलेला सगळा अमोनियम आयनाच्या रूपात विरघळलेला असतो, आणि तो बादलीतून उडत नाही.

क्लोरॅमाइनला शहरी भानगड म्हणणाऱ्याने आपल्या विहिरींकडे नीट पाहिलेले नाही. जांभा सच्छिद्र असतो. पहिल्या जोरदार पावसात गोठ्याचे, शेणखताच्या खड्ड्याचे आणि शोषखड्ड्याचे पाणी त्यातून झिरपत विहिरीपर्यंत पोहोचू शकते. अशा विहिरीत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकली की क्लोरीन त्या अमोनियाशी संयोग पावतो आणि क्लोरॅमाइन विहिरीतच तयार होते. ते कोणी मुद्दाम घालावे लागत नाही. ते रात्रभरात जातही नाही. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक (आयएस १०५००, २०१२) लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम अमोनिया आणि ४ मिलिग्रॅम क्लोरॅमाइन चालवून घेते. म्हणजे आपण निर्धास्तपणे प्यायलेले पाणी गप्पींना बाधू शकते.

हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ते क्लोरॅमाइनमधला क्लोरीन निष्प्रभ करते, पण त्याला जोडलेला अमोनिया मोकळा होऊन पाण्यातच राहतो. त्यासाठी अमोनिया बांधून ठेवणारे कंडिशनर लागते. ते घातल्यावरही अनेक किट बांधलेला अमोनिया मोजतात, म्हणून रंग दिसला की औषध फुकट गेले असे समजून पुन्हा मात्रा देऊ नये. गोड्या पाण्यात झिओलाइट हे अमोनिया धरून ठेवणारे खनिजही उपयोगी पडते. मात्र त्याच टाकीत खडेमीठ टाकण्याची आपली सवय आड येते, कारण मिठामुळे झिओलाइटने धरलेला अमोनिया पुन्हा सुटतो.

सगळे पाणी बदलण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. नळाच्याच पाण्यात ०.५ मिलिग्रॅम अमोनिया असेल, तर पूर्ण बदलाने तो सगळाच टाकीत येतो. पाचवा हिस्सा बदलला तर ०.१ मिलिग्रॅमच येतो, आणि मुरलेल्या फिल्टरच्या स्पंजवरचे जिवाणू तेवढा लवकर संपवतात. त्यातून पीएच महत्त्वाचा. ७ पीएचला ३० अंशांत विषारी, म्हणजे वायुरूप, अमोनिया एकूणाच्या सुमारे ०.८ टक्के असतो, तर ८.२ ला ११ टक्क्यांच्या पुढे जातो. जांभ्याच्या भागातले पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असल्याने आपण काहीसे सुरक्षित असतो. पण किनाऱ्यावरून वेचून आणलेले शिंपले आणि पोवळ्याचे तुकडे शोभेसाठी टाकीत ठेवले की ते विरघळून पीएच वर चढवतात, आणि हे संरक्षण हातचे जाते.

विहिरीत नुकतीच टीसीएल पडली असेल, तर दोन दिवस पाणी बदलू नये आणि खाद्य निम्मे करावे. नळ आणि टाकी यांची चाचणी एकाच संध्याकाळी वेगवेगळी करावी. नळात रंग आला आणि टाकीत नाही, तर फिल्टर आपले काम करतो आहे. टाकीतला रंग नळापेक्षा गडद असेल, तर आधी उरलेले खाद्य आणि दगडाखाली मेलेली गोगलगाय शोधावी.