एक टाकी असू द्या

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीसमोर रस्ता खोदताना जेसीबीचा दात गॅसच्या पाइपात घुसला. (हा रस्ता वर्षात तिसऱ्यांदा खोदलाय. कुणी खोदला ते विचारू नका, पुण्यात ते कुणालाच ठाऊक नसतं.) वास सुटला, माणसं धावत आली, व्हॉल्व्ह बंद झाला, संध्याकाळी शेगड्या पेटल्या. त्याबद्दल तक्रार नाही. पण तेवढ्या वेळात अख्ख्या बिल्डिंगमध्ये मिळून सिलिंडर निघाला एकच, तळमजल्यावरच्या काकूंकडे. सगळ्यांना चहा पाजून झाल्यावर काकू म्हणाल्या, "पाइपलाइन आली तेव्हाच सांगितलं होतं, एक टाकी असू द्या. पण ऐकतंय कोण!"

ते डोक्यात राहिलं. माझा भाचा गॅस वाहिनीच्या कंट्रोल रूममध्ये नोकरीला आहे. त्याला फोन लावला आणि विचारलं, आपल्या देशाची टाकी कुठे असते रे? तो हसला. "मामा, टाकी नाहीच. पाइपात असतो तेवढाच."

याला ते लोक लाइनपॅक म्हणतात. मोठ्या वाहिनीत दाब सत्तर-ऐंशी बारचाही असतो, आपल्या शेगडीशी येईतो तो २१ मिलिबारवर उतरवलेला असतो. रात्री मागणी कमी झाली की वाहिनीत थोडा जास्त गॅस दाबून ठेवायचा आणि सकाळी पोळ्यांच्या वेळी तो सोडायचा. खेळ काही तासांचा. देशात लागणाऱ्या गॅसपैकी जवळजवळ निम्मा बाहेरून येतो, उणे १६२ अंशांना द्रवरूप करून, जहाजातून. दहेजसारख्या टर्मिनलवर टाक्या आहेत, पण त्या पुढचं जहाज लागेपर्यंतच्या सोयीच्या.

कच्च्या तेलासाठी मात्र आपण विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे खडकात गुहा कोरल्या, ५३.३ लाख टनांच्या. धान्याची गोदामं आहेत. गॅसचं तसं कोठार एकही नाही.

आता गंमत ऐका. अमेरिकेत गॅसचा साठा अब्ज घनफुटांत मोजतात. अब्ज घनफूट म्हणजे आपला टीएमसी! पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली पानशेतसह चारही धरणं तुडुंब भरली की उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी. त्यांच्याकडे हिवाळ्याच्या तोंडावर जमिनीखाली साधारण ३५०० ते ४००० टीएमसी गॅस असतो (अर्थात वर काढल्यावर, साध्या दाबाला मोजलेला). रिकामी झालेली तेलाची नाहीतर गॅसची जुनी क्षेत्रं घ्यायची, सच्छिद्र दगडात उन्हाळाभर गॅस परत भरायचा आणि थंडीत काढायचा. भाचा 'कुशन गॅस' समजावायला लागला तेव्हा मी म्हटलं, थांब, हा तर धरणातला मृतसाठा! दाब टिकावा म्हणून कायम आत ठेवायचा, हात लावायचा नाही. पुणेकराला हे शिकवावं लागत नाही.

"आपल्याला कुठे थंडीत घरं तापवायचीत?" हा प्रश्न रास्त आहे. घरगुती गॅस आणि सीएनजीला देशी गॅस आधी मिळतो, हेही खरं. म्हणून टंचाई आली की पहिला फटका कारखान्यांना आणि खताला बसतो. २०२२ मध्ये तेच झालं. युद्धामुळे रशियन कंपनीच्या जुन्या उपकंपनीकडून 'गेल' या आपल्या सरकारी गॅस कंपनीला करारानुसार येणारा गॅस थांबला आणि खत कारखान्यांचा पुरवठा कापावा लागला. त्याच वर्षी युरोपने मिळेल त्या भावाने गॅस घेऊन आपली कोठारं नोव्हेंबरपर्यंत पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास भरली. आपल्याकडे पैसे असते तरी भरायचं कशात?

पुण्याखाली हे जमणार नाही. आपल्या काळ्या पाषाणात गॅस मुरायला जागा नसते. शोधायचं तर गुजरात, आसामच्या जुन्या क्षेत्रांत शोधावं. पण घाईघाईने नको. लॉस एंजेलिसजवळच्या अलिसो कॅन्यनमध्ये ऑक्टोबर २०१५ मध्ये १९५०च्या दशकातली एक विहीर गंजून फुटली आणि ती बंद करेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. साधारण लाखभर टन मिथेन हवेत गेला, हजारो कुटुंबांना घरं सोडावी लागली. त्या विहिरीतला खोलवरचा सुरक्षा व्हॉल्व्ह १९७९ मध्ये काढला होता, नवा बसवलाच नव्हता. आपल्याकडची 'चालतंय की' वृत्ती बघता मला भीती वाटते ती याचीच.

मृतसाठ्याचा गॅस विकत घ्यायचा आणि कधीच विकायचा नाही, हा तोट्याचा धंदा कुठलीही कंपनी आपणहून करणार नाही. तेलासाठी सरकारने केलं तसं इथेही करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी बिलात चार पैसे जास्त पडले तरी चालतील. (पुण्यात हे वाक्य लिहायला काय छाती लागते, ते पुणेकरांनाच कळेल.)

अमेरिकेत गॅससाठ्याचा आकडा दर गुरुवारी जाहीर होतो. हल्ली मी तो मोबाइलवर बघतो. परवा बायकोने डोकावून टीएमसी वाचलं आणि विचारलं, "पानशेत का?"