लेनिनग्राडची सातवी सिम्फनी कोणी वाजवली?

ऑगस्ट महिना आला की एक मजकूर पुन्हा पुन्हा वाचनात येतो. त्याचा सारांश असा: ९ ऑगस्ट १९४२ रोजी जर्मन सैन्याने वेढलेल्या लेनिनग्राडमध्ये (आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये) तेथील जगद्विख्यात फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने रशियन संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना, जगात प्रथमच सादर केली, उपासमारीतून वाचलेल्या अवघ्या १५ वादकांनी ती वाजवली, हिटलरने त्याच दिवशी अस्टोरिया हॉटेलात विजयाची मेजवानी ठरवून निमंत्रणपत्रिकाही छापल्या होत्या, आणि त्या संध्याकाळनंतर वेढा मोडला. मजकूर लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही, परंतु या कथनात ज्यांनी ती सिम्फनी खरोखर वाजवली त्यांचेच नाव पुसले गेले आहे, आणि ते मला सर्वांत अधिक खटकते.

तो वाद्यवृंद फिलहार्मोनिक नव्हता. येव्गेनी म्राविन्स्की यांच्या नेतृत्वाखालील लेनिनग्राड फिलहार्मोनिक १९४१ मध्येच हजारो किलोमीटर दूर नोवोसिबिर्स्कला हलवण्यात आला होता आणि जुलै १९४२ मध्ये त्याने हीच सिम्फनी तेथे वाजवली. वेढ्यात मागे राहिला तो नभोवाणीचा वाद्यवृंद. १९३१ साली स्थापन झालेला आणि १९३७ पासून संचालक कार्ल एलियासबर्ग यांच्याकडे असलेला हा वृंद शहरातील दुसऱ्या क्रमांकाचा मानला जाई. गोंधळ होण्याची कारणे समजण्यासारखी आहेत: कार्यक्रम फिलहार्मोनिकच्या मोठ्या सभागृहात झाला, आणि पुढे १९५३ मध्ये हा नभोवाणी वृंदच फिलहार्मोनिक संस्थेत तिचा दुसरा वाद्यवृंद म्हणून सामील झाला. तरीही १९४२ मध्ये जे वादक त्या मंचावर बसले होते ते नभोवाणीच्या नोकरीतले लोक होते, आणि श्रेय द्यायचे तर त्यांनाच दिले पाहिजे.

जगातील पहिले सादरीकरण हा दावाही टिकत नाही. शोस्ताकोविच यांनी पहिले तीन भाग लेनिनग्राडमध्ये लिहिले, ऑक्टोबर १९४१ च्या आरंभी त्यांना विमानाने शहराबाहेर काढण्यात आले आणि चौथा भाग डिसेंबरअखेर कुइबिशेव (आजचे समारा) येथे पूर्ण झाला. तेथेच ५ मार्च १९४२ रोजी सामुईल समोसूद यांच्या संचालनाखाली बोल्शोय नाट्यगृहाच्या वृंदाने ती प्रथम सादर केली. नंतर मॉस्को, लंडन आणि न्यूयॉर्क यांची पाळी आली. न्यूयॉर्कमध्ये १९ जुलै रोजी संचालक आर्तुरो तोस्कानिनी यांनी ती एनबीसी या अमेरिकी प्रसारण कंपनीच्या नभोवाणी वृंदाकडून वाजवून घेतली. ज्या शहराला ही रचना अर्पण केली होती, त्याला ती ऐकण्यासाठी या सर्वांनंतरही थांबावे लागले.

आता १५ वादकांचा मुद्दा, ज्यावर थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण येथे सत्य आणि चूक एकमेकांत मिसळले आहेत. १९४१-४२ च्या हिवाळ्यात शहरातील बहुतेकांचा रोजचा पाव १२५ ग्रॅमवर आला होता. नभोवाणीवर संगीत थांबले आणि कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत केवळ मेट्रोनोमची (ताल मोजणाऱ्या यंत्राची) टकटक ऐकू येई. कवयित्री ओल्गा बर्गहोल्त्स यांनी नोंदवले आहे की, नभोवाणी समितीचे याकोव बाबुश्किन वृंदाच्या स्थितीचा अहवाल सांगून लिहवून घेत होते आणि त्यात पहिले व्हायोलिनवादक मरणपंथाला लागल्याचे व ड्रमवादक कामावर येताना वाटेतच मरण पावल्याचे होते. मार्चमध्ये पहिली तालीम बोलावली तेव्हा सुमारे १५ जण येऊ शकले, हे खरे आहे. फुंकवाद्ये वाजवणाऱ्यांना श्वास पुरत नव्हता, त्यामुळे तीन तासांची ठरलेली तालीम लवकरच आवरती घ्यावी लागली. एलियासबर्ग स्वतः इतके खंगले होते की त्यांना घसरगाडीवरून न्यावे लागे. ओबो हे फुंकवाद्य वाजवणाऱ्या क्सेनिया मातुस आपले वाद्य दुरुस्तीला घेऊन गेल्या, तेव्हा कारागिराने मोबदल्यात मांजर मागितले, खाण्यासाठी.

परंतु सातवी सिम्फनी १५ जणांत वाजवताच येत नाही. तिला आठ फ्रेंच हॉर्न, सहा ट्रम्पेट, सहा ट्रॉम्बोन आणि एकूण शंभराच्या आसपास वादक लागतात. म्हणून नभोवाणीवरून शहरातील वादकांना आवाहन करण्यात आले, आघाडीवरील तुकड्यांतून आणि लष्करी बँडमधून वादक सोडवून आणले गेले, त्यांना जादा शिधा देण्यात आला, आणि विमानाने आलेल्या स्वरलिपीवरून प्रत्येकाच्या भागाच्या प्रती हाताने उतरवल्या गेल्या. संपूर्ण रचना सलग वाजवून पाहण्याइतके बळ कार्यक्रमापूर्वी एकदाच एकवटता आले. मूठभर लोकांचा चमत्कार म्हणून ही गोष्ट सांगितली की महिनोन्‌महिन्यांची ही जुळवाजुळव दिसेनाशी होते, आणि माझ्या मते खरा पराक्रम त्या जुळवाजुळवीतच आहे.

मेजवानीची कथा रशियातही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, पण ती जर्मन आदेशांशी जुळत नाही. २३ जुलै १९४२ च्या आपल्या ४५ व्या आदेशात हिटलरने लेनिनग्राड घेण्याची तयारी सप्टेंबरच्या आरंभापर्यंत करण्यास सांगितले होते. मग ९ ऑगस्टला मेजवानी कशी होणार? सप्टेंबर १९४१ मध्ये तर शहर भूमीवरून नाहीसे करण्याचा आणि शरणागतीचा प्रस्ताव आला तरी तो न स्वीकारण्याचा निर्णय झालेला होता. अस्टोरिया हॉटेलाचा या वृंदाशी खरा संबंध वेगळाच आहे: तेथे उपासमारीने खंगलेल्यांसाठी शुश्रूषागृह उघडले होते आणि एलियासबर्ग यांच्यावर तेथेच उपचार झाले.

सोव्हिएत तोफखान्याने त्या संध्याकाळी जर्मन तोफा मारा करून गप्प ठेवल्या आणि कार्यक्रम शहरभरच्या ध्वनिक्षेपकांवरून तसाच शत्रूच्या खंदकांच्या दिशेनेही ऐकवला गेला, हे मजकुरात नेहमी असते व ते बरोबर आहे. वेढा मात्र त्यामुळे मोडला नाही. १८ जानेवारी १९४३ रोजी लादोगा सरोवराच्या दक्षिणेला एक अरुंद पट्टा मोकळा झाला आणि पूर्ण सुटका २७ जानेवारी १९४४ रोजी, म्हणजे कार्यक्रमानंतर जवळजवळ दीड वर्षाने झाली. त्या सुटकेच्या विसाव्या वर्षदिनी, २७ जानेवारी १९६४ रोजी, एलियासबर्ग यांनी हयात असलेल्या २२ वादकांना घेऊन त्याच सभागृहात सातवी सिम्फनी पुन्हा सादर केली, आणि तेव्हा शोस्ताकोविच श्रोत्यांत होते.